स्वयंपूर्ण खेडे: एक गैरसमज आणि सातवाहनकालीन पुरावा

प्राचीन भारतातले खेडे आपल्यापुरते पिकवत होते, आपल्यापुरते विणत होते आणि राजे आले-गेले तरी त्याला त्याची खबर नव्हती, असे आजही अनेकजण मानतात. या समजुतीला ठळक रूप आले ते वसाहतकाळात. चार्ल्स मेटकाफ या इंग्रज अधिकाऱ्याने 1830 मध्ये खेड्यांना छोटी प्रजासत्ताके म्हटले, 1853 मध्ये कार्ल मार्क्सनेही भारतातल्या खेड्यांचे असेच चित्र रंगवले, आणि पुढे आपणही ते अभिमानाने स्वीकारले. पण सातवाहनकाळातल्या महाराष्ट्राचे शिलालेख आणि नाणी पाहिली, तर हे चित्र टिकत नाही.

नाशिकच्या पांडवलेण्यातला उषवदाताचा लेख घ्या. क्षत्रप राजा नहपानाच्या या जावयाने भिक्षूंसाठी 3,000 कार्षापणे कायमची ठेव म्हणून दिली. ही रक्कम राजाच्या कोठारात गेली नाही, गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे गेली. 2,000 कार्षापणांवर दरमहा शेकडा 1 आणि उरलेल्या 1,000 वर शेकडा पाऊण असे व्याज ठरले. मुद्दल परत मागायचे नव्हते. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज 240 होते. त्यातून वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी 12 कार्षापणे मिळत. हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून फलकावर नोंदवला गेला. कारागिरांची संघटना पिढ्यान्‌पिढ्या व्याज देत राहील असा भरवसा दात्याला वाटत होता, याचा अर्थ तिच्या मालाला नियमित गिऱ्हाईक होते. आणि गोवर्धनच्या विणकरांना लागणारा कापूस शहराच्या गल्लीत उगवत नाही, तो शेतातूनच येतो. नाशिकच्याच आणखी एका लेखात तेल्यांच्या श्रेणीकडे ठेव ठेवल्याची नोंद आहे. त्यांच्या घाण्यालाही तीळ पुरवणारा शेतकरीच होता. जुन्नरला तर धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणे खोदवून दिले. प्रत्येक खेडे आपले धान्य स्वतःच संपवत असते, तर असा व्यापारी वर्ग उभाच राहिला नसता.

यावर दुसरा गैरसमज पुढे येतो: ही भरभराट म्हणजे रोमशी चाललेल्या व्यापाराची कमाई, बाकी देश त्यापासून अलिप्त. परदेशी व्यापार खराच होता. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठण आणि तगर म्हणजे आजचे तेर इथून माल गाड्यांवर लादून भडोचला जात असल्याचे सांगितले आहे. पैठणहून गोमेदासारखे दगड, तेरहून कापड. परंतु सातवाहनांनी चांदीबरोबरच शिसे आणि पोटिन या हलक्या धातूंची नाणीही मोठ्या संख्येने पाडली. अशी कमी किमतीची नाणी जहाजांच्या सौद्यांसाठी लागत नाहीत, ती रोजच्या छोट्या देवघेवीला लागतात. समुद्रावरचा व्यापार वरच्या थरावरचा होता. त्याच्याखाली देशातल्या देशात चालणारा बाजार होता.

तरीही एक आक्षेप रास्त आहे. लेणी घाटवाटांजवळ आहेत आणि लेख दात्यांचे आहेत. त्यांवरून आडबाजूच्या खेड्याबद्दल किती बोलायचे? याचे उत्तर गौतमीपुत्र सातकर्णीच्या दानलेखांत मिळते. दान दिलेल्या शेतात सैनिकांनी शिरू नये, मिठासाठी तिथे खोदू नये, अधिकाऱ्यांनी ढवळाढवळ करू नये, अशा सवलती त्यात मोजून दिल्या आहेत. या सवलती मुद्दाम द्याव्या लागल्या, म्हणजे इतर गावांना हा जाच होताच. पुढे त्याच्या चोविसाव्या राज्यवर्षात, भिक्षूंना दिलेले एक शेत कसले जात नाही आणि ते गावही ओस पडले आहे असे कळल्यावर, गोवर्धनच्या अमात्याला आज्ञा गेली आणि नगराच्या सीमेवरच्या राजकीय शेतातली 100 निवर्तने जमीन बदली म्हणून देण्यात आली. कोणते शेत पडीक आहे हे दरबारापर्यंत पोचत असेल, तर ते गाव राज्यापासून तुटलेले कसे म्हणायचे?

सगळी गावे बाजाराशी सारखीच जोडलेली होती असे नाही. घाटवाटेजवळच्या गावांचा संबंध दाट, दूरच्यांचा विरळ असणार. पण कर, कापूस, तीळ, धान्य आणि किरकोळ नाणी यांनी शेतकरी नगराशी बांधलेला होता, आणि नगर त्याच्या श्रमावर उभे होते. स्वयंपूर्ण खेड्याची कल्पना गोड वाटते, पण ती त्या शेतकऱ्याला इतिहासाबाहेर बसवते. पैठण आणि तेरच्या वैभवात त्याचा वाटा होता, आणि तो त्याच्या नावावर मांडायलाच हवा.