पुसलेले फोटो जातात कुठे?

सासूबाईंचं सहस्रचंद्रदर्शन झालं आणि दोनच महिन्यांनी त्या गेल्या. पुढं दिवाळीत माझ्या धाकट्या जावेनं रांगोळीचे फोटो काढायला कॅमेरा घेतला. कार्ड भरलेलं दिसलं, म्हणून जुने फोटो सरसकट पुसून टाकले. चार-पाच रांगोळ्या टिपून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की समारंभाचे फोटो त्यातच होते! बिचारी रडायलाच लागली. तेवढ्यात माझा मुलगा धावत आला. म्हणाला, "काकू, आधी कॅमेरा बंद करा. बहुतेक फोटो अजून जागेवरच असतील."

पुसलेले फोटो जागेवर कसे? त्यानं समजावलं ते इतकं आपल्या स्वयंपाकघरातलं होतं, की मैत्रिणींनो, तुम्हालाही सांगावंसं वाटलं.

कॅमेऱ्याचं कार्ड म्हणजे सारख्या मापाच्या खणांचं भलंमोठं फडताळ. आमच्या ३२ गिगाबाइटच्या कार्डात एकेका खणात ३२ किलोबाइट मावतात; असे जवळपास १० लाख खण. ३ मेगाबाइटचा एक फोटो ठेवायला ९६ खण लागतात. दिवाळीचे लाडू एका डब्यात मावले नाहीत, की आपण चार डब्यांत भरतो ना, तसंच!

मग कुठला लाडू कुठल्या डब्यात, हे कळायचं कसं? त्यासाठी दोन नोंदी असतात. एका यादीत फोटोचं नाव, आकार आणि पहिल्या खणाचा नंबर. दुसरं असतं कोष्टक. त्यात प्रत्येक खणापुढं 'यानंतर अमुक खण' असं लिहिलेलं. त्या साखळीनं जात जात कॅमेरा अख्खा फोटो गोळा करतो. या पद्धतीला 'फॅट' म्हणतात. मायक्रोसॉफ्टच्या मार्क मॅकडोनाल्ड यांनी १९७७ साली ती फ्लॉपीसाठी आखली. तिचाच सुधारलेला अवतार आजही कॅमेऱ्याच्या कार्डांत नांदतो आहे.

आता गंमत पाहा. फोटो पुसला, की कॅमेरा खण रिकामे करत बसत नाही. यादीतल्या नावाच्या पहिल्या अक्षरावर खूण करतो आणि कोष्टकात 'हे खण मोकळे' असं लिहितो. लाडू डब्यातच असतात, फक्त वहीतली नोंद खोडलेली! मात्र पुढचा जिन्नस त्याच डब्यात भरला, की जुना कायमचा गेला.

आमच्याकडे नेमकं तेच झालं. मुलानं कार्ड संगणकाला लावून बहुतेक फोटो परत मिळवले. पण सुरुवातीच्या औक्षणाच्या फोटोंवर रांगोळ्या चढल्या होत्या. ते गेलेच. एका फोटोत सासूबाईंचा चेहरा आला, खाली नुसता करडा पट्टा. त्याचे खण विखुरलेले होते आणि साखळी पुसली गेली होती.

म्हणून एवढं ध्यानात ठेवा. कार्डावरचं काही चुकून पुसलं, तर त्यावर पुढं एकही फोटो काढू नका. कार्ड लगेच बाहेर काढा, जाणकाराला दाखवा आणि सापडलेले फोटो त्याच कार्डावर न ठेवता दुसरीकडे उतरवून घ्या. फोनच्या आतल्या फोटोंवर मात्र ही युक्ती सहसा चालत नाही. तिथं आधी फोनची कचरापेटी तपासा, काही दिवस ते तिथं असतात.

आणि खरा उपाय म्हणाल तर एकच: आवडत्या माणसांच्या फोटोंची दुसरी प्रत हवीच. जावेनं आणि मी त्या करड्या पट्ट्याच्या फोटोचा वरचा भाग कापून घेतला, मोठा केला आणि देवघराशेजारी लावला. सासूबाई त्यात हसताहेत.