अज्ञान वारसाचा पैसा सांभाळायचा कोणी?

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर 'अ. पा. क. आई' अशी अक्षरे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. अज्ञान पालनकर्ती आई. म्हणजे जमीन पोराची. पण पोर लहान, तोवर आईने सांभाळायची. जमीन जागची हलत नाही, म्हणून हे निभावते. रोख पैसा आला तर मात्र तो चार दिवसांत चार वाटांनी जातो.

समजा, ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवरचा ३० वर्षांचा ड्रायव्हर कामावर असताना अपघातात गेला. पगार महिना १२,००० रुपये. भरपाईचा हिशेब असा : निम्मा पगार, म्हणजे ६,००० रुपये, याला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचे. तिसाव्या वर्षाचा आकडा आहे २०७.९८. उत्तर येते १२,४७,८८० रुपये. मागे राहिली बायको, सात वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि विधवा आई. एवढी रक्कम घरात आली की "त्यानं माझ्याकडून उसने घेतले होते" म्हणत कोण कोण दारात उभे राहते, ते मी सांगायला नको.

म्हणूनच १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने आठव्या कलमात ठरवून टाकले, की मृत्यूची भरपाई मालकाने घरच्यांच्या हातात द्यायची नाही, आयुक्तांकडे भरायची. तीन महिन्यांच्या पगारापर्यंतची उचल सोडली, तर परस्पर दिलेला पैसा भरपाई म्हणून धरला जात नसे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. आयुक्ताऐवजी आता 'सक्षम प्राधिकारी' आला. चौकट तीच राहिली. भरपाईवर सावकाराची जप्ती येत नाही, हेही तसेच.

रक्कम जमा झाली की अधिकारी वारसांची चौकशी करून वाटणी करतो. मुलीचा वाटा वेगळा, मुलाचा वेगळा. अज्ञानाचा वाटा त्याच्या हितासाठी गुंतवायचा की खर्चाला द्यायचा, हे तोच ठरवतो. मुद्दल बँकेत मुदतीने ठेवून व्याज शाळेच्या खर्चासाठी आईकडे द्यावे, असा हुकूम होऊ शकतो. पुढे पोरांची आबाळ होते आहे असे दिसले, तर तो हुकूम बदलूनही मिळतो. गावात फार थोड्यांना हे ठाऊक असते.

जुन्या कायद्याने एक गोष्ट मात्र विचित्र केली होती. जाणत्या, सज्ञान बाईलाही त्याने याच रांगेत बसवले. घर चालवणाऱ्या बाईला स्वतःचा पैसा सांभाळता येत नाही, हे मला कधीच पटले नाही.

आता मोठ्या माणसांचे. डोक्याला मार लागून कामगाराचीच समज गेली, तर त्याला मिळणारी पंधरवड्याची रक्कम कोणाकडे द्यायची? त्याच्यावर अवलंबून असलेल्यांपैकी एखाद्याकडे, नाहीतर त्याची काळजी घ्यायला सर्वांत योग्य वाटेल अशा दुसऱ्या कोणाकडे. थोरला भाऊच पाहिजे असे कायद्यात कुठेही म्हटलेले नाही. वारसांमध्ये बौद्धिक अक्षमता असलेला सज्ञान मुलगा असेल, तर त्याच्यासाठी आणखी एक वाट आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते, जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात, आणि अशा व्यक्तीला पालक नेमून देण्याचा अर्ज तिच्याकडे करता येतो.

गुरुजी, तुमचे काम इथेच येते. पोर अज्ञान कधीपर्यंत, हे पुष्कळदा शाळेच्या रजिस्टरातल्या जन्मतारखेवर ठरते. ती तारीख अंदाजाने लिहू नका. बापाच्या अपघातानंतर पोरगी शाळेतून गळाली, तर एकदा घरी जाऊन विचारा : "बाई, हिचा वाटा कुठं ठेवलाय? पावती आहे का?" पावती नसेल, तर अर्ज लिहून द्या. त्यात मुलीचे नाव, जन्मतारीख, अपघाताचा दिवस आणि मालकाचे नाव एवढे स्पष्ट लिहा, आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीतून परतू नका.