बिनतारी लहरींचें गायरान

शहरांतील एखाद्या मोठ्या इमारतींत संध्याकाळीं पन्नास बिऱ्हाडें एकाच वेळीं वाय-फाय वापरूं लागतात. मुलाचा अभ्यास, वडिलांची कचेरीची बैठक, आजीचें परदेशीं असलेल्या नातवाशीं बोलणें, सारें एका लहानशा राउटरवरून चाललेलें असतें. मग कोठें तरी चित्र अडखळतें, आवाज तुटतो, आणि घरांतील एखादा जाणता माणूस राउटरची अंतर्गत मांडणी उघडून पाहतो. तेथें त्याला आंकड्यांची यादी दिसते: एका पट्ट्यांत १ ते १३, दुसऱ्यांत ३६, ४०, ४४ असें करीत थेट १६५ पर्यंत. यांतील कांहीं आंकडे निवडतांच येत नाहींत. कांहीं निवडले तर राउटर मिनिटभर मुका होतो. यंत्रांत दोष आहे असें त्याला वाटतें. वस्तुतः यंत्र त्या वेळीं कायदा पाळीत असतें.

हे आंकडे म्हणजे चॅनल. शेतांतून पाण्याचे पाट काढावे, तसे लहरींच्या पट्ट्याचे हे भाग पाडलेले आहेत. पहिला पट्टा २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला सुमारें दोनशें चाळीस कोटी कंपनांचा. पहिल्या चॅनलचा मध्य २४१२ वर, दुसऱ्याचा २४१७ वर. अशीं हीं चॅनल अवघ्या ५ मेगाहर्ट्झच्या अंतरानें मांडलेलीं आहेत. परंतु संदेश वाहून नेतांना प्रत्येक चॅनल सुमारें २० मेगाहर्ट्झ रुंदी व्यापतें. त्यामुळें शेजारचे पाट एकमेकांत मिसळतात. १, ६ व ११ हीं तीनच चॅनल एकमेकांना न भिडतां वाहूं शकतात. जो गृहस्थ ‘मोकळें दिसलें’ म्हणून ३ निवडतो, तो १ व ६ या दोघांनाहि उपद्रव देतो आणि दोघांचाहि उपद्रव सोसतो.

अमेरिकेंत विकले जाणारे राउटर साधारणतः ११ पर्यंतच चालतात. युरोपांत व भारतांत १३ पर्यंत. जपानांत २४८४ मेगाहर्ट्झवर चौदावें चॅनलहि आहे, पण तें केवळ एका जुन्या, मंदगति पद्धतीपुरतें. लहरींचे गुणधर्म तर सर्व देशांत सारखेच. मग हा भेद निसर्गाचा नव्हे, नियमांचा आहे.

या नियमांचा उगम पाहूं गेल्यास इ. स. १९८५ कडे जावें लागतें. लहरी ही सरकारी मालमत्ता आणि परवान्यावांचून त्यांना कोणी हात लावावयाचा नाहीं, असा तोंवरचा सर्वसाधारण दंडक होता. त्या वर्षीं अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगानें तीन पट्टे विस्तृत-पट्ट प्रक्षेपणासाठीं परवान्याविना मोकळे केले. ते पूर्वी उद्योग, विज्ञान व वैद्यक यांच्या यंत्रांसाठीं राखलेले होते. स्वयंपाकघरांतील मायक्रोवेव्ह भट्टी यांपैकींच एका पट्ट्यांत, २४५० मेगाहर्ट्झच्या आसपास, चालते. म्हणून प्रतिष्ठित उपयोगांना ही जमीन नकोशी होती. या पडीक रानाचें त्या निर्णयानें गायरान झालें, आणि पुढें त्यावरच वाय-फायचें पीक आलें. भारतांत २४०० मेगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ च्या नियमांनीं, तर ५००० मेगाहर्ट्झच्या वरचा एकूण ६०५ मेगाहर्ट्झचा विस्तार ऑक्टोबर २०१८ मध्यें परवानामुक्त झाला.

गायरान कोणा एकाचें नसतें, म्हणूनच त्याला नियम लागतात. पहिला नियम असा कीं, परवानामुक्त यंत्रानें परवानाधारकाला त्रास देतां कामा नये, आणि स्वतःला झालेल्या त्रासाबद्दल तक्रारहि करतां कामा नये. दुसरा नियम शक्तीचा. २४०० च्या पट्ट्यांत युरोप एक दशांश वॅटवर थांबतो. भारतांत अँटेनाच्या परिणामासह मर्यादा ४ वॅटची आहे. मर्यादा वाढली कीं सर्वांचें भलें होईल, हा भ्रम आहे. राउटर कितीहि मोठ्यानें ओरडला, तरी मोबाइलचें क्षीण उत्तर त्याला ऐकूं आलें पाहिजे. नाहीं तर शेजाऱ्यांच्या कानठळ्या तेवढ्या बसावयाच्या.

तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा, आणि राउटरच्या त्या मिनिटभराच्या मौनाचें कारण तोच. ५००० मेगाहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यांत रडार पूर्वीपासून नांदत आहेत. २००३ सालीं जिनीव्हा येथील जागतिक परिषदेनें या पट्ट्याचे बरेच भाग वाय-फायसारख्या साधनांस खुले केले, ते एका अटीवर: रडारची चाहूल लागतांच वाट सोडावी. जेथें ही अट लागू आहे, तेथें ५२ ते ६४ आणि १०० ते १४४ या चॅनलांवर राउटरनें बोलण्यापूर्वी ६० सेकंद नुसतें ऐकावें लागतें. हवामानाच्या रडारांचा ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झचा भाग असल्यास युरोपांत हें ऐकणें १० मिनिटांचें. नंतरहि रडारचा स्पंद ऐकूं आला तर १० सेकंदांत चॅनल रिकामें करावयाचें आणि ३० मिनिटें तेथें परतावयाचें नाहीं.

एवढी कडक शिस्त कशासाठीं? याचेंहि उत्तर १९८५ मध्येंच सांपडतें. त्या वर्षीं २ ऑगस्टला अमेरिकेंतील डॅलस विमानतळावर उतरणारें एक प्रवासी विमान वादळी ढगांतून अकस्मात् खालीं कोसळणाऱ्या वाऱ्याच्या झोतांत सांपडलें व १३७ माणसें दगावलीं. अशा अपघातांच्या अनुभवांतून विमानतळांजवळ वाऱ्याचे हे झोत आधींच ओळखणारीं खास रडार उभीं राहिलीं. तीं ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झमध्येंच काम करतात.

२००९ च्या आरंभीं पोर्तो रिको बेटावरील सान हुआन येथील अशा एका रडारच्या पडद्यावर ढग नसतांना पट्टे उमटूं लागले. शोध घेतां उंच जागीं बसविलेलीं खाजगी बिनतारी यंत्रें त्याच लहरींवर बोलत असल्याचें आढळलें. रडार ओळखून वाट सोडण्याची सोय कांहींत बंद होती, कांहींत निकामी होती. दंड झाले, आणि २०१४ सालीं अमेरिकेनें नियम बदलून, यंत्रांतील हे बंध कोणी सहजासहजी सोडवूं नयेत अशी तजवीज उत्पादकांवर बंधनकारक केली.

यांतून घरच्या माणसानें घ्यावयाचा बोध साधा आहे. कांहीं राउटरमध्यें ‘देश’ निवडण्याची सोय असते. तेथें दुसऱ्या देशाचें नांव घातलें तर एखादें बंद चॅनल उघडेल, शक्तीहि थोडी वाढेल, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. पण देशाचें नांव बदलल्यानें राउटर त्या देशांत जात नाहीं. तो राहतो येथेंच, आणि येथल्या आकाशांत येथलींच यंत्रें काम करीत असतात. मुंबईंत वेरावली येथें जानेवारी २०२२ मध्यें सुरू झालेलें हवामानाचें रडार सी-पट्ट्याचें, म्हणजे राउटरच्या ५००० मेगाहर्ट्झच्याच कुळांतलें आहे. मुसळधार पावसाची आगाऊ वर्दी देण्यास अशींच रडार उपयोगीं पडतात.

तेव्हां देश खरा ठेवावा, खालच्या पट्ट्यांत १, ६ वा ११ यांपैकीं जेथें गर्दी कमी तें निवडावें, राउटर घराच्या मध्यभागीं उंचावर मांडावा, आणि जवळचीं यंत्रें वरच्या पट्ट्यावर न्यावीं. एवढ्यानें बहुतेक तक्रारी मिटतात. आणि राउटर मिनिटभर गप्प बसलाच, तर त्याला बसूं द्यावें. कोठें तरी ढगांतून वाट काढीत एक विमान उतरत असेल, आणि त्याच्यासाठीं कान देणारें यंत्र त्या शांततेवरच अवलंबून असेल.