पोपटाचा डोळा एकदाचा विसरा

नेमबाजाचा सत्कार म्हटलं की मी शक्यतो मागची खुर्ची धरतो. शाल-श्रीफळ झालं की प्रमुख पाहुणे माइकपाशी येणार आणि अर्जुनाची गोष्ट सांगणार, हे ठरलेलं असतं. 2024च्या ऑगस्टमध्ये मनू भाकर आणि स्वप्नील कुसळे पॅरिसहून पदकं घेऊन आले, तेव्हापासून तर शाळेच्या स्नेहसंमेलनातही ती चुकत नाही. ‘अर्जुनाला फक्त पोपटाचा डोळा दिसत होता. तशी नजर हवी!’ टाळ्या. आणि सभागृहातले दोन-चार पालक मनातल्या मनात ठरवून टाकतात, की आपल्या मुलीला चष्मा आहे, तेव्हा हा खेळ तिच्यासाठी नाही.

आधी गोष्टीपुरतं बोलू. महाभारताच्या आदिपर्वात पोपट नाहीच. द्रोणांनी कारागिरांकडून करवून घेतलेला एक कृत्रिम पक्षी आहे, भास जातीचा. अर्जुन सांगतो ते असं, की मला त्याचं डोकं दिसतं, बाकी अंग दिसत नाही. डोळा पुढच्या सांगणाऱ्यांनी घातला. असो, गोष्टीत तेवढं चालतं. दहा मीटरच्या रेंजवर मात्र ही शिकवण घेऊन उभं राहिलात तर हमखास मार खाल.

कारण साधं आहे. डोळ्याचं भिंग एका वेळी एकाच अंतरावर नीट जुळतं. एअर पिस्तुलाला मागे खाच असते आणि पुढे माशी, म्हणजे रेंजवरच्या भाषेत फ्रंट साइट. माशी हातभर अंतरावर, लक्ष्य दहा मीटरवर. दोन्ही एकदम स्पष्ट दिसणं शक्य नाही, एकाची निवड करावीच लागते. नवशिका लक्ष्याची निवड करतो, अगदी अर्जुनासारखी. प्रशिक्षक पहिल्या आठवड्यापासून उलटं घोकून घेतात: माशी स्वच्छ, लक्ष्य धूसर.

यामागे निव्वळ त्रैराशिक आहे. खाच आणि माशी यांच्यात साधारण 33 सेंटिमीटर अंतर धरा. माशी खाचेच्या मध्यापासून एक मिलिमीटर सरकली, तर दहा मीटरवर छर्रा सुमारे 30 मिलिमीटर चुकतो. पिस्तुलाच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ 11.5 मिलिमीटर व्यासाचं असतं, म्हणजे हा छर्रा थेट सातात गेला. उलट माशी खाचेत बरोबर मध्ये आहे आणि अख्खा हातच पाच मिलिमीटर बाजूला तरंगला, तर चूक तेवढीच, पाच मिलिमीटर. तो छर्रा दहातच बसतो. लक्ष्याकडे टक लावणाऱ्याला ही दुसरी, निरुपद्रवी चूक दिसत राहते आणि पहिली, घातक चूक दिसतच नाही.

एअर रायफलची तऱ्हा आणखी मजेशीर. तिथे दहाचा आकडा म्हणजे अर्धा मिलिमीटर व्यासाचा ठिपका. दहा मीटरवरून सामान्य निरोगी डोळा जेवढा बारकावा वेगळा ओळखू शकतो, त्याच्या जेमतेम सहाव्या हिश्श्याएवढा. दुर्बीण लावायला परवानगी नाही. थोडक्यात, रायफलवाला ज्या ठिपक्यावर नेम धरतो तो त्याला दिसत नाही, आणि अर्जुनालाही दिसला नसता. मागच्या बारीक भोकातून पाहत, पुढच्या कड्याच्या मधोमध 30.5 मिलिमीटरचं काळं वर्तुळ बसवायचं, की ठिपका आपोआप मध्ये येतो. हे काम वर्तुळात वर्तुळ बसवण्याचं आहे, गरुडाच्या नजरेचं नाही. चष्मा नियमात बसतो. आणि एवढ्यानंही ज्यांचं समाधान होत नाही त्यांच्यासाठी: दृष्टिबाधितांची एअर रायफल स्पर्धा अस्तित्वात आहे. नळी मध्याकडे जाईल तसा कानातला सूर चढत जातो आणि त्या सुरावर नेम धरतात.

बरं, नजर नाही तर ‘दगडासारखा स्थिर हात’ तरी? तोही नाही. जिवंत माणसाच्या हातातली नळी हलतेच. हृदय धडधडतं, छाती वरखाली होते, शरीर झुलत असतं. विजेत्याची नळी कमी हलते हे खरं. ते हलणं कमी करणाऱ्या बीटा-ब्लॉकर औषधांवर नेमबाजीत बंदी आहे आणि ती योग्यच आहे. 2008च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जाँग-सूची दोन पदकं प्रोप्रॅनोलॉल सापडल्यामुळे काढून घेतली गेली. पण हलणं शून्यावर येत नाही. नवशिक्याचा घोटाळा इथेच होतो: माशी बरोबर मध्यावर आली, की ‘आत्ता!’ म्हणून तो चाप हिसकतो आणि त्या हिसक्यानेच नेम मोडतो. मुरलेला नेमबाज तरंगणं मान्य करतो आणि त्या तरंगण्यातच चाप सावकाश ओढत नेतो. गोळी सुटल्यावरही क्षणभर तसाच उभा राहतो.

रायफल पेलण्यात दंडाच्या ताकदीचा भागही आपल्याला वाटतो तेवढा नसतो. साडेपाच किलोपर्यंतची ती रायफल डाव्या हातावर आणि त्या हाताचं कोपर कमरेच्या हाडावर टेकलेलं असतं. वजन हाडांवरून जमिनीत जातं, कारण दमलेला स्नायू थरथरतो आणि हाड थरथरत नाही. त्यात एक परीक्षा असते, ती मला फार आवडते. नेम धरायचा, डोळे मिटायचे, अंग सैल सोडायचं, पुन्हा उघडायचे. नळी बाजूला गेली असेल तर हाताने ओढून आणायची नाही, पावलं सरकवायची. ‘तशी नजर हवी’ म्हणणाऱ्या पाहुण्यांना कुणीतरी सांगा, की इथे नेम तपासायला डोळे मिटतात.

मग विजेता घडतो कशाने? सांगायला फारसं रंजक नाही, म्हणून भाषणात येत नाही. पात्रता फेरीत 75 मिनिटांत 60 फैरी. पाय, कंबर, गाल, श्वास, चाप हा क्रम साठ वेळा जसाच्या तसा. घरी छर्रा न भरता तोच क्रम, रेंजवर ज्याला ड्राय प्रॅक्टिस म्हणतात. आणि सगळ्यात अवघड: बंदूक खाली घेणं. श्वास अर्धा सोडून थांबल्यावर काही सेकंदांत सुटका झाली नाही, तर प्राणवायू कमी पडतो, नजर मळते, हात थरथरू लागतो. मोह होतो, की आता एवढं धरलंय तर मारूनच टाकू. चांगला नेमबाज बंदूक उतरवतो, श्वास घेतो, पहिल्यापासून सुरू करतो. अंतिम फेरीत घड्याळ टिकटिकत असतानाही.

2008ला बीजिंगमध्ये अभिनव बिंद्रा एअर रायफलच्या पात्रता फेरीत 596 गुणांसह चौथा होता. अंतिम फेरीच्या शेवटच्या गोळीआधी तो आणि फिनलंडचा हेन्री हॅकिनेन दोघेही 689.7 वर. दोघांचे डोळे, हात, हत्यारं जगात सर्वोत्तम. बिंद्राने 10.8 मारला, हॅकिनेनने 9.7. एकाला सुवर्ण, दुसऱ्याला कांस्य. 9.7 मारणाऱ्याची नजर त्या मिनिटात अधू झाली नव्हती. हॅटफिल्ड, लँडर्स आणि रे या संशोधकांनी 1984 मध्ये निष्णात नेमबाजांच्या मेंदूलहरी मोजल्या. चाप ओढण्याआधीच्या सेकंदांत मेंदूच्या डाव्या बाजूला अल्फा लहरी वाढत होत्या, म्हणजे शब्दांत विचार करणारा कारभार शांत होत होता. ‘एकाग्रता वाढव, वाढव’ असं स्वतःला बजावणारा नेमका तोच कारभार जागा करतो.

बाकीचे गैरसमज झटपट आटपू.

एक डोळा मिटावा लागतो: जत्रेत फुगे फोडताना मिटा. रेंजवर बहुतेक जण दोन्ही उघडे ठेवतात आणि एकापुढे पट्टी लावतात. मिटल्याने चेहऱ्याचे स्नायू ताणले जातात.

स्वप्नील कुसळेचं पदक एअर रायफलचं: नाही. ते 50 मीटर थ्री पोझिशनचं, तिथे छर्रा नसतो, काडतूस असतं. एअर रायफलचा जगज्जेता हवा असेल तर ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील, कैरो, 2022.

हा श्रीमंतांचा खेळ: यात दुर्दैवाने तथ्य आहे, रायफल लाखांत जाते. पण नेमबाज अंजली भागवत एनसीसीतून आली, हेही लक्षात असू द्या.

भारी जॅकेटमुळे जिंकतात: ते ताठर जॅकेट फक्त रायफलवाल्यांना, आणि त्याचा ताठरपणा यंत्राने तपासतात. पॅरिसला तुर्कस्तानचा युसूफ दिकेच साध्या टी-शर्टात, खिशात हात घालून आला आणि रौप्य घेऊन गेला, म्हणून जगभर ‘बघा, काही लागत नाही’ चाललं होतं. तो पिस्तूलवाला, पिस्तुलात जॅकेट कुणालाच नसतं आणि मोकळा हात स्थिर राहावा म्हणून बहुतेक सगळेच खिशात घालतात किंवा पट्ट्यात खोचतात. सहज चालत येऊन पदक नेलं म्हणाल, तर ते त्याचं पाचवं ऑलिंपिक होतं.