पोळीला सुट्टी

पंचवीस-तीस माणसांना गरम पोळ्या वाढायच्या ठरल्या की घरातल्या दोघी त्या दिवसापुरत्या कामातून गेल्याच. एक लाटायला, एक भाजायला. बाहेर पंगत बसलेली, आत ‘पोळी येऊ द्या’च्या हाका, आणि तव्यापुढची बाई दीड-दोन तास जागची हलत नाही. भाज्या आधी होतात, गोडाधोडाचं आदल्या दिवशी उरकतं, पापड-कुरडया तर उन्हाळ्यातच डब्यात गेलेल्या असतात. सगळी ओढाताण होते ती पोळीपाशी, कारण तिचं काम ऐन जेवणाच्या वेळी येतं. म्हणूनच वडनेर भोलजीला आमच्या घरी भाऊबीजेच्या रात्री वरण-बट्टी असते.

वडनेर हे नांदुरा तालुक्यातलं, मलकापूर आणि नांदुऱ्याच्या मधलं, हायवेवरचं गाव. भुसावळकडून रेल्वेने येणारे मलकापूरला उतरतात. अकोल्याकडून गाडी घेऊन निघालेल्यांना आधी नांदुऱ्याचा १०५ फुटी हनुमान लागतो, तिथून त्यांचा ‘आलोच’ असा फोन येतो. कुणी दुपारीच येऊन टेकतो, तर कुणाची रेल्वे वाटेतच रखडलेली असते. त्यात दिवस कापूस वेचणीचे. मजूर, वजनकाटा, गाडी यांच्या मागे फिरणारा घरचा माणूस अंधार पडल्याशिवाय हाती लागत नाही. अशा घरात ‘बरोबर आठला पानं घ्यायची’ हा बेत बोलायलाच बरा. तिथं तासभर थांबू शकेल आणि थांबूनही बिघडणार नाही असंच जेवण लागतं.

बट्टीचं काम गिरणीपासून सुरू होतं. गहू जाडसर दळायचा, त्यात थोडा मका. पोळीच्या पिठाइतकं मऊ दळलं की बट्टी चिवट होते, फारच भरड राहिलं तर कापताना भुगा. गिरणीवाल्याला ‘बट्टीचं’ एवढं सांगितलं की पुरतं. आमच्याकडे साधारण चार किलो गव्हाला अर्धा किलो मका घेतात. पिठात ओवा, जिरं, हळद, मीठ, चिमूटभर सोडा आणि कडकडीत तेलाचं मोहन. मोहन पुरेसं झालं की नाही ते पाहायला ताई, म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई, मूठभर पीठ दाबून बघतात. मूठ उघडल्यावर मुटका जसाच्या तसा राहिला तर ठीक, ढासळला तर आणखी तेल. मग घट्ट भिजवायचं. पाण्याचा हात सैल झाला की पुढचं सगळंच सैल होतं.

भिजवलेल्या गोळ्याची जाड पोळी लाटायची, वर तेल फिरवायचं आणि तिची गच्च वळकटी करायची. हे झाले उंडे. मोठ्या पातेल्यात पाणी, वर चाळणी, चाळणीत उंडे, वरून झाकण. अर्ध्या-पाऊण तासाने सुरी खुपसून पाहायची. ती कोरडी बाहेर आली की उकडलं.

इथून पुढे घाई करायचीच नाही. गरम उंडा कापला की त्याचा चुरा होतो, म्हणून तो पुरता गार व्हावाच लागतो. वऱ्हाडातले रोडगे गोवऱ्यांच्या आरात भाजतात, राजस्थानची बाटीही आरावरचीच. आर पेटला की माणूस तिथं अडकला. आमची बट्टी आधी उकडते आणि मग तळते, आणि या दोन्हींच्या मध्ये हवी तेवढी सवड मिळते. सकाळी नऊला उकडलेले उंडे दुपारभर फडक्याखाली पडून राहतात. तेवढ्यात ओवाळणीची ताटं लागतात, आलेल्यांचा चहा होतो, आणि घरची बाई तासभर आडवीही होते. बट्टीची खरी सोय या मधल्या वेळात आहे.

वरण सोपं. तूर घरचीच. दीड किलो डाळ हळद-हिंग घालून मऊ शिजवायची, घोटून पातळ करायची, वरून जिरं-लसणाची फोडणी. ते गार झालं तर परत उकळी आणता येते.

जोडीला वांग्याची घोटलेली भाजी. त्यासाठी जांभळी वांगी चालत नाहीत. हिरवट-पांढरी, पातळ सालीची, कमी बियांची वांगी हवीत. शेजारच्या जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आमच्याकडची आवड त्याच जातकुळीची. वांग्याच्या फोडी, हिरव्या मिरच्या आणि शेंगदाणे एकत्र शिजवायचे, पाणी काढून ठेवायचं आणि लाकडी घोटणीने घोटायचं. फार घोटलं तर चिकट लगदा, कमी घोटलं तर फोडी दाताखाली येतात. मग तेलात ठेचलेला लसूण, सुक्या खोबऱ्याचे काप आणि कोथिंबीर. घोटायला जोर लागतो, म्हणून हे काम कॉलेजात जाणाऱ्या दोन पुतण्यांकडे. पहिल्या वर्षी ते फोटोपुरते आले होते, आता घोटणी दुसऱ्याच्या हाती देत नाहीत.

दिवाळी चातुर्मासात येते, आणि आजेसासूबाई कार्तिकी एकादशीपर्यंत कांदा, लसूण, वांगं खात नाहीत. त्यांच्यासाठी फोडणीआधीचं वरण वेगळं काढतात आणि गंगाफळाची भाजी छोट्या पातेलीत होते. ही नोंद सामानाच्या यादीतच असते. सणाच्या जेवणात तारांबळ उडते ती बहुतेक वेळा अशा एखाद्या माणसाचं पान ऐन वेळी आठवल्यामुळे. मधुमेहवाले कोण, तिखट न खाणारी पोरं किती, हे यादीत आधीच लिहिलेलं असलं की पानावर बसल्यावर कुणाला ओशाळावं लागत नाही.

तळण भाऊजींकडे. शेवटची गाडी मलकापूर सोडून निघाल्याचा फोन आला की अंगणातल्या शेगडीवर कढई चढते. उंड्यांचे बोटभर जाडीचे काप मध्यम आचेवर सोडायचे. आच मोठी केली तर वरून लाल, आत कच्चट. कडा खरपूस झाल्या, बुडबुडे कमी झाले की झारा फिरवून काढायचे. तळलेली बट्टी तास-दीड तास कुरकुरीत राहते, आणि नरमली तरी कुणाचं काही बिघडत नाही, कारण ती शेवटी वरणात भिजणारच असते. ताटात कुस्करायची, वरून वरण, वरणावर तुपाची धार, लिंबाची फोड, बाजूला भाजी आणि कांदा.

लग्न होऊन आले तेव्हा मला हा बेत सणाला साधा वाटला होता. भाऊबीजेला पुरणपोळी नाही म्हणजे काय, असं मी बोललेही होते. त्यावर सासूबाई एवढंच म्हणाल्या, “पोळ्या लाटत बसशीन त जेवशीन कवा, माय?”

आमच्याकडच्या पंगतींचा क्रम सगळ्यांना पाठ आहे. आधी पुरुष आणि पोरं, मग पाहुण्या बायका, शेवटी घरच्या बायका. शेवटच्या पंगतीला तळाची भाजी आणि थंड पोळी. भाऊबीज तर बहिणींचा सण, पण माहेरी आलेली बहीण ओवाळून झालं की पदर खोचून स्वयंपाकघरात शिरतेच. ‘दगदग नको’ म्हणून बाहेरून जेवण मागवणारी घरंही आता गावात आहेत. त्यात दगदग वाचते, पण पोरांना घोटणी धरायला मिळत नाही. बट्टीच्या रात्री आत चालू ठेवावं असं कामच उरत नाही. पातेली ओसरीवर येतात, सतरंज्या लांबलचक पडतात, पहिली वाढ पोरं करतात, नंतर ज्याने त्याने हाताने घ्यायचं. आजेसासूबाईंपासून नव्या सुनेपर्यंत सगळ्या एकाच पंगतीला. कुणाच्या जेवणाला दगदग नव्हती असं म्हणायचं असेल, तर ते करणारी कुठल्या पंगतीला बसली, एवढं विचारलं तरी पुरे.

भांड्यांचा प्रश्न मात्र बट्टीने सोडवलेला नाही. उलट तेलकट कढई आणि चिकटलेलं घोटण्याचं पातेलं, अशी त्यात भरच पडते. गेल्या दिवाळीत ताईंनी भरल्या ओसरीत जाहीर केलं, की यापुढे तळणाऱ्याने कढई घासायची आणि घोटणाऱ्यांनी पातेलं. पुतण्यांनी तेव्हाच बाह्या सरसावल्या. भाऊजींनीही नियम मान्य केला, फक्त कढई रात्रभर भिजत ठेवायची अट घातली.