कॅप्टन मोल्सवर्थ : लष्करी सेवा आणि मराठी कोशरचना

नागपूर व वऱ्हाड या भागांतील बोलींचा अभ्यास करणाऱ्यास मराठीचे जे जुने कोश वारंवार उघडावे लागतात, त्यांत जेम्स टॉमस मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाचे स्थान अग्रभागी आहे. हा कोश एका लष्करी अधिकाऱ्याच्या हातून सिद्ध झाला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. परंतु त्या अधिकाऱ्याच्या सेवेचा कोशाच्या स्वरूपाशी काय संबंध होता, याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. तो संबंध ध्यानात घेतल्यावाचून कोशाचे बळ व त्याच्या मर्यादा या दोहोंचे नीट आकलन होत नाही.

मोल्सवर्थ यांचा जन्म इ. स. १७९५ मधील. वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षी, १८१२ च्या सुमारास, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात 'एन्साइन' या कनिष्ठ हुद्द्यावर दाखल झाले व पुढे कॅप्टनच्या पदापर्यंत चढले. कंपनीच्या पलटणींतील शिपाई देशी व अधिकारी इंग्रज, अशी त्या काळची व्यवस्था होती. हुकूम देणे, तक्रारी ऐकणे, पुरवठ्याचे व्यवहार पाहणे ही सर्व कामे देशी भाषेवाचून अडत. म्हणून देशी भाषेची परीक्षा उतरणाऱ्या अधिकाऱ्यास दुभाष्याची जागा व अधिक वेतन मिळत असे. तरुण अधिकाऱ्यांच्या भाषाध्ययनामागे विद्याप्रेमाइतकाच हा व्यवहारही होता. मराठीचे आरंभीचे कोशकार सैन्यातून का आले, याचे उत्तर बहुतांशी येथे सापडते. १८२४ मध्ये मराठी कोश प्रसिद्ध करणारे व्हॅन्स केनेडी हेही मुंबई सैन्यातीलच अधिकारी होते.

१८१८ मध्ये पेशवाईचा अंत झाला व मराठी मुलुखाचा मोठा भाग कंपनीच्या अमलाखाली आला. त्याच सुमारास सोलापूर येथे असताना मोल्सवर्थ यांनी स्वतःच्या उपयोगासाठी मराठी शब्दांची टिपणे करण्यास प्रारंभ केला. या खाजगी टिपणांतूनच पुढे सरकारी कोशाची योजना उभी राहिली. टॉमस व जॉर्ज कँडी हे दोघे जुळे बंधू, तेही सैन्यातील लेफ्टनंट, त्यांचे साहाय्यक झाले. शब्द गोळा करणे, अर्थ निश्चित करणे व उदाहरणे पुरविणे या कामी शास्त्रीमंडळींची योजना करण्यात आली. १८३१ मध्ये कोशाची पहिली आवृत्ती मुंबई सरकारसाठी प्रसिद्ध झाली. तत्पूर्वी दोन वर्षे, १८२९ मध्ये, जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, गंगाधरशास्त्री फडके, दाजीशास्त्री शुक्ल, परशुरामपंत गोडबोले प्रभृती पंडितांनी रचलेला 'महाराष्ट्र भाषेचा कोश' बाहेर पडला होता. तेव्हा मोल्सवर्थ यांचा कोश म्हणजे एका व्यक्तीचे एकाकी कर्तृत्व नव्हे. मुखपृष्ठावर लष्करी नावे आली असली, तरी त्यामागे देशी पांडित्याचे मोठे बळ उभे होते.

पुढे मोल्सवर्थ यांच्या आयुष्याला निराळे वळण लागले. प्रकृती ढासळल्यामुळे १८३६ मध्ये ते मायदेशी परतले. लष्करी पेशा आपल्या ख्रिस्ती श्रद्धेशी विसंगत आहे अशी त्यांची धारणा झाली, व त्यांनी सेवेचा तर त्याग केलाच, पण तिच्याबद्दलचे निवृत्तिवेतनही नाकारले. इंग्रजी-मराठी कोशाचे त्यांनी आरंभिलेले काम टॉमस कँडी यांनी १८४७ मध्ये पूर्ण केले. मात्र तलवार सोडणाऱ्या या गृहस्थाने मराठी सोडली नाही. १८५१ मध्ये सरकारच्या विनंतीवरून ते पुन्हा हिंदुस्थानात आले आणि कोशाची सुधारून वाढविलेली दुसरी आवृत्ती त्यांनी १८५७ मध्ये तयार केली. नऊशेंहून अधिक पृष्ठांच्या या आवृत्तीत सुमारे ६०,००० शब्द आहेत. मराठी लोकांत ते 'मोलेसरशास्त्री' या नावाने ओळखले जात. १८७१ मध्ये इंग्लंडात त्यांचे निधन झाले.

या कोशाचा मुख्य विशेष असा की, त्याची दृष्टी ग्रंथांपेक्षा बोलण्याकडे अधिक आहे. दुभाष्यास पंडिती शब्दांइतकेच, किंबहुना अधिकच, शेत, बाजार, स्वयंपाकघर व कचेरी यांतील शब्द लागतात. 'हात', 'डोळा' यांसारख्या साध्या शब्दांखाली वाक्प्रचारांच्या लांबच लांब रांगा आढळतात, त्या याच गरजेतून. शब्द संस्कृत, फारसी, अरबी की हिंदी, हे कंसातील आद्याक्षराने दाखविलेले आहे. जन्माने मराठी असलेल्या माणसास जे सांगण्याची आवश्यकता वाटत नाही, तेच परक्यास विचारावे लागते. अशा विचारण्यातून सामान्य व्यवहारातील मराठीचा मोठा ठेवा लेखनिविष्ट झाला.

तथापि सेवेने जी दृष्टी दिली, तिनेच सीमाही आखून दिली. कोश मुंबई सरकारचा. त्यामुळे त्याचे कार्यक्षेत्रही मुख्यतः मुंबई इलाख्यातील देश व कोकण हेच राहिले. १८३१ मध्ये नागपूर हे भोसल्यांचे संस्थान होते व वऱ्हाड निजामाकडे होते. वऱ्हाड १८५३ मध्ये कंपनीच्या ताब्यात आले, नागपूरचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले. पण दोन्ही प्रदेश मुंबई इलाख्याबाहेरच राहिले. येथे एक विरोधाभास लक्षणीय आहे. १८१० मध्ये श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांनी मोडी लिपीत छापलेल्या मराठी कोशास नागपूरकडील पंडित वैजनाथ शर्मा यांचे साहाय्य होते. म्हणजे मुद्रित मराठी कोशांच्या आरंभी पूर्वेकडील मराठीचा आवाज होता. मुंबईकडील कोशांच्या प्रतिष्ठेपुढे तो मागे पडला. वऱ्हाडी व नागपुरी बोलींचे पद्धतशीर वर्णन पुढे ग्रिअर्सन यांच्या भाषिक पाहणीच्या १९०५ मधील सातव्या खंडात आले.

या इतिहासाचा आजच्या व्यवहाराशी संबंध आहे. नागपुरातील प्रताप नगरच्या भाजीबाजारात 'सांबार' मागितला असता कोथिंबिरीची जुडी हाती येते. पुण्यात त्याच शब्दाने दाक्षिणात्य कालवणाचा बोध होतो. शाळेत मात्र अशा शब्दावर 'अशुद्ध' असा शिक्का बसतो, आणि त्यास आधार म्हणून कोशाकडे बोट दाखविले जाते. परंतु एखादा शब्द वा अर्थ जुन्या कोशात न मिळणे हा त्याच्या अशुद्धतेचा पुरावा नव्हे. कोशकाराची छावणी कोठवर पोहोचली होती, एवढेच कित्येकदा त्यावरून सिद्ध होते. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'ने १९३२ ते १९३८ या काळात हे क्षेत्र पुष्कळ विस्तारले, तरी बोलींतील शब्दसंग्रहाचे काम संपलेले नाही. ते करताना मोल्सवर्थ यांच्या कोशाला अंतिम निवाडा मानण्याऐवजी त्यांची रीत, म्हणजे बोलणाऱ्याच्या तोंडचा शब्द ऐकून तो नोंदण्याची रीत, स्वीकारणे अधिक फलदायी होय.