साध्या पेट्रोलवरील एंजिनास पिस्टन कोणता घालावा?

रहिमतपूर व आसपासच्या गावी जुन्या बुलेट मोटारसायकली अद्याप पुष्कळ आहेत. पहाटे डेअरीवर दूध पोचविणे, मळ्यात खताची गोणी नेणे, ही कामे त्या बिनतक्रार करितात. अशा गाडीचे एंजिन उतरविण्याची वेळ आली म्हणजे घरच्या तरुण मंडळींस वाटते की, खर्च होतोच आहे तर थोडी ताकदही वाढवून घ्यावी. मग उंच माथ्याचा पिस्टन, घासलेले हेड, यांच्या गोष्टी निघतात. आम्ही स्वतः या मोहात सापडून नुकसान सोसले आहे. तेव्हा या विषयात जे समजले ते वाचक बंधूंपुढे ठेवितो. आम्ही जन्मभर महसुलात कारकुनी केली, यंत्रशाळेत नव्हे, हे आधीच सांगितलेले बरे.

सिलिंडरात पिस्टन खाली असता जेवढी जागा असते, ती पिस्टन वर आल्यावर कितव्या हिश्शावर येते, त्यास दाबाचे प्रमाण म्हणतात. मिस्त्री लोक नुसते 'कॉम्प्रेशन' म्हणतात. हे प्रमाण वाढले की त्याच पेट्रोलातून अधिक काम निघते, हे खरे. पण लाभ सारखा वाढत नाही. सातावरून नवावर गेल्यास कागदावरच्या हिशेबाने शेकडा ८ लाभ होतो. नवावरून अकरावर गेल्यास शेकडा ५ च. आणि प्रत्यक्षात याहूनही कमी पदरात पडते.

येथे पुष्कळांची एक गफलत होते. सातारच्या कूपर कारखान्याची अथवा किर्लोस्करांची एंजिने ज्यांच्या विहिरीवर चालली, ते विचारतात, "आमच्या पाच अश्वशक्तीच्या डिझेलला साडेसोळा दाब चालतो, मग गाडीला दहा का चालू नये?" कारण असे की डिझेल एंजिन नुसती हवा दाबते व तेल शेवटी आत फवारते. हवा तापून तेल आपोआप पेटावे, हाच तेथे हेतू आहे. पेट्रोलच्या एंजिनात हवा व इंधन मिसळूनच दाबली जातात. ती प्लगच्या ठिणगीने एका बाजूने क्रमाने जळत जावी लागतात. दाब फाजील झाला तर ज्योत पोचण्यापूर्वीच दूरच्या कोपऱ्यातील मिश्रण एकदम भडकते. चढावर गाडी ओढताना पत्र्यावर खडे पडल्यासारखा जो आवाज येतो तो हाच. त्या धक्क्याने पिस्टनच्या माथ्यावरील हवेचा रक्षक थर उडून जातो, अॅल्युमिनियम वितळू लागते व रिंगांमधील कडा तुटतात. इंग्लंडातील रिकार्डो यांनी पहिल्या महायुद्धानंतर दाबाचे प्रमाण कमीजास्त करता येईल असे प्रयोगाचे एंजिन बांधून निरनिराळी इंधने पारखली. कोणते इंधन किती दाब सोसते हे त्यातून मोजता आले.

आता आमची हकीकत. काही वर्षांपूर्वी चिरंजीवांच्या आग्रहावरून एका मिस्त्र्यांनी आमच्या बुलेटचे हेड २ मिलिमीटर घासले. शिवाय दुसऱ्या कोठल्या एंजिनाचा, पिन तेवढीच पण माथा २ मिलिमीटर उंच असलेला पिस्टन बसविला. मोजमाप काहीच नाही. "थोडे वाढेल" एवढेच उत्तर. आठवडाभर गाडी वाऱ्यासारखी पळाली. पुढे चढावर खटखट सुरू झाली. चिरंजीवांस तो आवाज ताकदीचा वाटला व आम्हीही हसून सोडून दिले. तीन महिन्यांत पिस्टन फुटला आणि सिलिंडरवर खोल चरे पडले.

पाण्यातून निघाल्यावर आम्ही हिशेब केला, तो असा. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर, पिस्टनची चाल ९० मिलिमीटर. म्हणजे सरकण्याची जागा सुमारे ३४६ घनसेंटिमीटर. मूळच्या भागांनी माथ्यावर ५८ घनसेंटिमीटर जागा राहत होती; ३४६ भागिले ५८, अधिक १, म्हणजे सुमारे ७. या व्यासावर १ मिलिमीटर म्हणजे जवळजवळ ३.८५ घनसेंटिमीटर. हेडाने ७.७ गेले, प्रमाण ७.९ झाले, येथे थांबते तर ठीक होते. पिस्टनने आणखी ७.७ गेले आणि प्रमाण ९.१ वर चढले. खरेदीखतातील क्षेत्र जागेवर मोजल्यावाचून कोणी पैसे मोजीत नाही. येथे आम्ही तेच केले.

मोजणी अवघड नाही. एंजिन जुळवून पिस्टन अगदी वर आणावा, दोन्ही वॉल्व्ह बंद असावेत. प्लगचे भोक उभे राहील अशी गाडी कलती करावी आणि जनावरांस टोचण्याच्या नव्या सिरिंजने पातळ तेल भोकाच्या आतल्या कडेपर्यंत भरून किती लागले ते लिहावे. तेल रिंगांवाटे झिरपते, म्हणून रिंगांच्या कडेस आधी ग्रीस लावावे. तसेच पिस्टनवर मऊ मेणाचा गोळा ठेवून एंजिन हाताने फिरवावे. वॉल्व्ह किती अंतराने चुकतो ते मेणावर उमटते.

किती प्रमाण ठेवावे, हे मिळणाऱ्या पेट्रोलवर ठरते. खटखट सोसण्याची शक्ती ऑक्टेन संख्येने सांगतात. पूर्वी ही शक्ती वाढविण्यास पेट्रोलात शिसे घालीत; ते विषारी असल्याने आपल्या देशात २००० सालापासून बंद झाले. साध्या पेट्रोलची संख्या अनेक वर्षे ९१ होती. अलीकडे शेकडा २० इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आले, त्याची सुमारे ९५ धरतात. हे इथेनॉल काही अंशी आपल्याच उसाचे, ही आम्हांस समाधानाची गोष्ट वाटते! मात्र त्यात उष्णता कमी असते व कार्बुरेटर जुन्याच जेटचा राहिला तर मिश्रण विरळ होऊन एंजिन तापते. जुने रबरी नळही तपासावे लागतात.

वाऱ्याने थंड होणाऱ्या, मोठ्या व्यासाच्या, दोन वॉल्व्हच्या जुन्या एंजिनास आम्ही आठाच्या आसपासच थांबू, फार तर साडेआठ. नव्या मोटारसायकली अकरापर्यंत जातात. पण त्यांस पाण्याचा थंडावा, चार वॉल्व्ह व ठिणगीची वेळ सांभाळणारी विजेची योजना असते. हवेचाही विचार करावा. महाबळेश्वरच्या विरळ, थंड हवेत गप्प राहिलेले एंजिन कुंभार्ली घाट उतरून चिपळूणच्या उन्हात खटखटू शकते.

पिस्टन घेताना तीन गोष्टी पाहाव्यात: पिनच्या मध्यापासून माथ्यापर्यंतची उंची, माथ्याचा आकार, व वजन. वजन बदलले की गाडी थरथरते. ओतीव पिस्टन रोजच्या कामास पुरतो. घडीव पिस्टन बळकट खरा, पण तापल्यावर अधिक फुगतो. म्हणून त्यास सिलिंडरात अधिक फट लागते व सकाळी थंड असता तो वाजतो. पिस्टन हातात आल्यावरच सिलिंडर त्याच्या मापाने बोअर करून घ्यावा, आधी नव्हे.

आमच्या गाडीस हल्ली मूळ उंचीचा ओतीव पिस्टन व तेच घासलेले हेड आहे. ठिणगीची वेळ किंचित मागे घेतली आहे. चाळीस लिटरचे दोन कॅन घेऊन ती रोज डेअरीस जाते, आणि चिरंजीव चढावर आता कान देऊन ऐकतात.